विद्यमान तरतूद, प्रस्तावित तरतूद: नवी पेठेतील एका टंकलेखन दुकानाविषयी

सोलापुरात नवी पेठेच्या एका आतल्या गल्लीत हे दुकान आहे. पाटीवर ‘झेरॉक्स, डीटीपी, बाइंडिंग’ एवढेच लिहिलेले आहे आणि मालकांनाही त्याहून अधिक नाव असावे असे वाटत नाही. शहरातील प्राध्यापक मंडळी त्याला ‘मसुद्याचे दुकान’ म्हणतात. शोधनिबंध, प्रकल्प अहवाल, लग्नपत्रिकांची यादी ही कामे इथे होतातच. परंतु मी लिहीत आहे ते इथल्या एका वेगळ्याच सेवेविषयी. महाविद्यालयाचे, अभ्यासमंडळाचे (अभ्यासक्रम ठरवणाऱ्या शिक्षकांच्या मंडळाचे) किंवा शिक्षक संघटनेचे नियम बदलायचे असतील, तर त्या दुरुस्तीचा प्रस्ताव सभेपुढे ठेवण्याजोगा करून देणे, ही ती सेवा. गेल्या दीड वर्षात मी दोन कामे इथून करून घेतली. पहिले फार चांगले झाले. दुसऱ्यात दुकानाची चूक झाली आणि ती आम्हाला महाग पडली. म्हणून दोन्हींविषयी सविस्तर लिहिते.

पहिले काम आमच्या महाविद्यालयाच्या परीक्षा नियमांचे होते. आमचे महाविद्यालय स्वायत्त आहे. त्यामुळे परीक्षेचे नियम आमच्याच विद्यापरिषदेत, म्हणजे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या मंडळात, ठरतात. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज ‘निकाल जाहीर झाल्याच्या दिनांकापासून दहा दिवसांच्या आत’ करावा, असा जुना नियम होता. उत्तरपत्रिकेची छायाप्रत हातात पडेपर्यंत यातले सात-आठ दिवस सरतात आणि विद्यार्थी आपली उत्तरपत्रिका न पाहताच शुल्क भरून मोकळा होतो, अशी दरवर्षीची तक्रार होती. मुदत छायाप्रत मिळाल्याच्या दिनांकापासून मोजावी, एवढाच बदल आम्हाला हवा होता. मी अर्ध्या पानाची टिप्पणी लिहून नेली. तिच्या शेवटी ‘तरी सदर नियमात विद्यार्थीहिताच्या दृष्टीने योग्य तो बदल करण्यात यावा’ असे वाक्य होते.

मालकांनी ती टिप्पणी चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि पहिला प्रश्न केला, “मॅडम, मूळ नियमाची प्रत कुठे आहे?” ती माझ्याजवळ नव्हती. “मग हे बदलायचे कशात?” असे म्हणून त्यांनी कागद परत दिला. त्या क्षणी मला राग आला, हे कबूल करायला हवे. वीस वर्षे शिकवणाऱ्या व्यक्तीला टंकलेखकाने असे परत पाठवणे कुणाला आवडेल? दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागातून नियमावलीची प्रत मिळवताना मात्र त्यांच्या प्रश्नाचा अर्थ उलगडला. विभागात त्याच नियमावलीच्या तीन प्रती होत्या आणि तिन्हींत हा नियम एकाच क्रमांकाने छापलेला नव्हता. मध्यंतरी कोणी तरी एक नियम काढून टाकला होता आणि त्यापुढचे सगळे क्रमांक एकेकाने वर सरकवले होते. विद्यार्थी भरतात त्या अर्जावर मात्र अजून जुनाच क्रमांक होता. म्हणजे ‘नियम 14 नुसार’ असे लिहून विद्यार्थी जो अर्ज करीत होते, तो नव्या प्रतीप्रमाणे वसतिगृहाच्या थकबाकीविषयीच्या नियमाखाली होत होता.

या दुकानाचे खरे वैशिष्ट्य इथे सुरू होते. ते जो तक्ता करून देतात, तो लीगल आकाराच्या आडव्या कागदावर चार रकान्यांचा असतो: तरतुदीचा क्रमांक, विद्यमान तरतूद, प्रस्तावित तरतूद आणि बदलाचे कारण. दुसऱ्या रकान्यात जुना मजकूर जसाच्या तसा, शुद्धलेखनाच्या चुकांसह उतरवतात. तिसऱ्या रकान्यात नवा मजकूर संपूर्ण लिहितात आणि बदललेले शब्द ठळक करतात. सभेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या सदस्यालाही डावीकडून उजवीकडे नजर फिरवली की काय गेले आणि काय आले हे दिसते. ‘योग्य तो बदल करण्यात यावा’ यासारख्या वाक्याला या तक्त्यात जागाच उरत नाही. माझे ते वाक्य त्यांनी हसत हसत खोडले. असा ठराव मंजूर झाला तरी नियमात नेमका कोणता शब्द आला, हे इतिवृत्त लिहिणारा कारकूनच ठरवणार, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

तक्त्याखाली ते ठरावाचा मजकूर देतात आणि त्यात तीनच क्रियापदे वापरतात: ‘वगळण्यात येईल’, ‘समाविष्ट करण्यात येईल’ आणि ‘या मजकुराऐवजी हा मजकूर दाखल करण्यात येईल’. शासनाच्या दुरुस्ती अधिनियमांची भाषा ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही ओळखीची वाटेल. नवा नियम मध्ये घालायचा असेल तर तो ‘14-अ’ होतो. पंधरावा सोळावा होत नाही. एखादा नियम काढायचा असेल तर त्याचा क्रमांक तसाच ठेवून पुढे ‘वगळला’ असे लिहितात. क्रमांक हलवले की त्या क्रमांकांचा उल्लेख करणारे इतर नियम, अर्ज, पावत्या आणि न्यायालयात गेलेली एखाद-दुसरी प्रकरणे या सगळ्यांचे धागे तुटतात. आमच्या परीक्षा विभागात नेमके तेच झाले होते. या कामात त्यांनी आमच्या संपूर्ण नियमावलीत ‘नियम 14’ हा उल्लेख आणखी कुठे कुठे येतो ते शोधून चार ठिकाणांची यादी वेगळी काढून दिली. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

तक्त्याच्या तळाशी दोन ओळी कोऱ्या ठेवलेल्या असतात: ‘अंमलाचा दिनांक’ आणि ‘कोणत्या तुकडीस लागू’. मी पहिल्या ओळीत सरळ चालू शैक्षणिक वर्षाचा पहिला दिवस लिहिला. त्यावर मालकांनी काही न बोलता पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. सभा डिसेंबरात होती. जूनपासूनचा अंमल म्हणजे पूर्वलक्षी प्रभाव झाला असता. मूळ कायद्याने तसा अधिकार दिलेला नसेल, तर त्याखाली केलेल्या नियमांना मागच्या तारखेपासून लागू करता येत नाही, हे तत्त्व न्यायालयांनी अनेकदा सांगितलेले आहे. शिवाय उन्हाळी परीक्षेत ज्यांची मुदत संपली, त्यांचे काय, हा प्रश्न उभा राहिला असता तो निराळाच. आम्ही पुढच्या सत्राची तारीख घातली.

चौथ्या रकान्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तो अतिशय अरुंद ठेवतात. कारण लिहिण्याला जागा कमी पडली की माणूस ‘विद्यार्थीहितास्तव’ एवढे लिहून सुटतो, आणि ज्या बदलामागे कुणाचे तरी निराळेच हित दडलेले असते, त्याचेही कारण हेच असते. रकाना रुंद करा, असे मी दोनदा सुचवले. “मग जुना मजकूर बसत नाही, मॅडम” हे उत्तर दोन्ही वेळा मिळाले.

दुकानात ज्या गोष्टीने मला सर्वांत प्रभावित केले, ती टेबलाशेजारच्या फळीवर आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 याची एक स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत तिथे आहे. नावात 2016 असले तरी हा 2017 चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 6 आहे आणि तो 1 मार्च 2017 पासून अंमलात आला. 1994 चा जुना विद्यापीठ कायदा त्याने मागे पडला. त्यानंतर ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांच्या कागदाच्या चिठ्ठ्या मालकांनी त्या त्या कलमाशेजारी खळीने चिकटवल्या आहेत. प्रत त्यामुळे एका बाजूने फुगून दिवाळीतल्या करंजीसारखी दिसते. एका पानावर चिठ्ठी नाही, खोडरबराने खोडल्याचा डाग आहे. विचारले तेव्हा कळले की डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेल्या, उच्च शिक्षण मंत्र्यांना प्र-कुलपती करणाऱ्या विधेयकाची नोंद तिथे होती. विधेयक मंजूर झाले तरी संमती मिळून ते राजपत्रात येईपर्यंत तो कायदा नव्हे, म्हणून त्यांनी ती पेन्सिलीने केली होती. 2022 मध्ये सरकार बदलले, ते विधेयक मागे घेण्याचा निर्णय झाला आणि पेन्सिलीची ओळ पुसली गेली. विकत मिळणाऱ्या प्रतींपैकी एका प्रतीत मी ती तरतूद कायदा म्हणून छापलेली पाहिली आहे. प्रकाशकाचे नाव घेत नाही.

ही प्रत शोभेची नाही. सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून येणाऱ्यांना ते काम हाती घेण्यापूर्वी विचारतात, “हे परिनियमात आहे, अध्यादेशात आहे की विनियमात?” विद्यापीठाच्या नियमांचे हे तीन प्रकार आहेत; इथला अध्यादेश म्हणजे सरकारचा वटहुकूम नव्हे. आपला नियम कोणत्या प्रकारात पडतो, हे बहुतेकांना सांगता येत नाही. 1 ऑगस्ट 2004 रोजी शिवाजी विद्यापीठापासून वेगळे होऊन हे विद्यापीठ स्थापन झाले आणि 2019 पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. एकाच जिल्ह्यापुरते ते असल्याने केगावला, विद्यापीठाच्या मुख्यालयात, कोणते पत्र कोणत्या टेबलावर जाते, हे इथल्या प्रत्येक प्राध्यापकाला तोंडपाठ असते. तरी पत्र जाऊन पोहोचले म्हणजे दुरुस्ती झाली, असा समज सार्वत्रिक आहे. परिनियम करण्याचा, बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार अधिसभेचा (सिनेटचा) आहे. प्रस्ताव व्यवस्थापन परिषदेकडून आलेला नसेल तर अधिसभेला आधी त्या परिषदेचे मत मागवावे लागते, विषय शैक्षणिक असेल तर विद्यापीठाच्या विद्यापरिषदेचेही, आणि कुलपतींची अनुमती मिळाल्याखेरीज परिनियम अंमलात येत नाही. अध्यादेश व्यवस्थापन परिषद करते. तथापि अध्यापनाच्या आणि परीक्षांच्या दर्जाशी संबंधित अध्यादेशाचा मसुदा विद्यापरिषदेकडूनच यावा लागतो आणि व्यवस्थापन परिषद त्या मसुद्यात स्वतः शब्द बदलू शकत नाही. तिला तो फेटाळता येतो किंवा सूचनांसह फेरविचारासाठी परत पाठवता येतो.

हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो मला या दुकानातल्या बाकड्यावर बसून समजला, हे लिहिताना थोडी लाज वाटते. शिक्षकांच्या मंडळाने लिहिलेला शैक्षणिक मजकूर पैशाचा आणि इमारतींचा कारभार पाहणाऱ्या परिषदेने परस्पर बदलू नये, यासाठी केलेली ती योजना आहे. स्वायत्त महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेल्या विनियमांतही तिचा धाकटा भाऊ सापडतो: अभ्यासमंडळाचा प्रस्ताव विद्यापरिषदेला पटला नाही तर तिने तो फेरविचारार्थ परत पाठवावा किंवा कारणे देऊन फेटाळावा. आमच्याकडे मात्र वर्षानुवर्षे अभ्यासमंडळाचे प्रस्ताव वरच्या सभेत ‘किरकोळ दुरुस्तीसह मंजूर’ होत आले आणि ती किरकोळ दुरुस्ती काय होती, हे आम्हाला छापील अभ्यासक्रम हातात पडल्यावर कळत असे. या वेळी चार रकान्यांचा तक्ता समोर असल्याने तसे करणे कुणाला सोपे राहिले नाही. पहिल्या सभेतून तो दोन लेखी प्रश्नांसह परत आला, आम्ही उत्तरे दिली आणि दुसऱ्या सभेत तो एकही शब्द न बदलता संमत झाला. वेळ तीन महिने अधिक लागला.

आणखी एक सवय या दुकानाने लावली. आपल्याकडे विषयपत्रिकेच्या शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ अशी एक ओळ असते आणि नियम बदलण्याची अर्धी कामे त्या ओळीतून होतात. तोवर चहा आलेला असतो आणि बाहेरगावचे सदस्य गाडीची वेळ पाहत असतात. मालक अशा कामाचा तक्ता करून देत नाहीत, असे नाही. पण प्रत्येक प्रतीच्या माथ्यावर ‘सदस्यांस पाठविल्याचा दिनांक’ ही ओळ ते घालतातच, आणि ती कोरी राहिली की सर्वांच्या डोळ्यांत भरते.

आता दुसऱ्या कामाविषयी. आमची शिक्षक संघटना संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली नोंदलेली आहे. तिच्या उद्देशांत फक्त पूर्णवेळ शिक्षकांच्या प्रश्नांचा उल्लेख होता. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना सामावून घेण्यासाठी उद्देश वाढवणे आवश्यक होते. संस्थेचा उद्देश बदलायचा, वाढवायचा किंवा कमी करायचा असेल तर या कायद्याचे कलम 12 लागते. प्रस्ताव लेखी किंवा छापील स्वरूपात प्रत्येक सभासदाला विशेष सभेच्या दहा दिवस आधी पोहोचवावा लागतो. त्या सभेत एकूण सभासदांच्या तीन पंचमांश मते लागतात, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन उपस्थित सभासदांच्या तीन पंचमांश मतांनी तो कायम करावा लागतो. नियमावलीतील इतर बदलांना, उदाहरणार्थ वर्गणीच्या रकमेला, हे कलम लागत नाही. तिथे संस्थेच्या स्वतःच्या घटनेत लिहिलेली पद्धत चालते. आमच्या कार्यकारिणीत हा फरक दोनच जणांना माहीत होता आणि मी त्यांतली नव्हते.

दुकानाने तक्ता, नोटीस आणि पोच घेण्याची वही अशी तीन कामे घेतली. सभासदांची यादी देताना मालकांनी थकबाकीदारांची खूण करायला सांगितले. कलम 15 प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणतीही होत नाही. समजा 140 सभासद आहेत आणि 30 जण थकलेले आहेत, तर तीन पंचमांश हे 110 चे काढायचे. म्हणजे 84 ऐवजी 66 मते पुरतात. ही खूण आधी केली नाही तर ठराव मंजूर झाला की नाही यावरच पुढे भांडण लागते. इथवर सर्व उत्तम होते.

सभा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ठेवली होती आणि छापील नोटिसा 12 तारखेला मिळायच्या होत्या. 12 तारखेच्या संध्याकाळी मी गेले तेव्हा शटर अर्धे खाली होते आणि आत सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीसाठी पांढऱ्या बाराबंदीला (पारंपरिक अंगरख्याला) इस्त्री चालली होती. “उद्या देतो, मॅडम” असे सांगण्यात आले. सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे या यात्रेच्या, दिवसांत ‘उद्या’ या शब्दाचा अर्थ काय होतो, हे बाहेरच्यांना समजावणे कठीण आहे. आम्हाला तो समजायला हवा होता. दुकान उघडले ते 17 तारखेला. वाटप सुरू केले तेव्हा सभेला दहा दिवसांहून कमी उरले होते. काही सहकारी म्हणाले, नोटिशीवर 12 तारीख छापलेली आहेच, वाटून टाका. पोचवहीत प्रत्येकाच्या सहीखाली खरी तारीख पडणार होती, म्हणून आम्ही ते केले नाही. सभा फेब्रुवारीत ढकलली, कायम करण्याची दुसरी सभा त्यामुळे मार्चअखेर आली आणि परीक्षांच्या धामधुमीत उपस्थिती कशीबशी जमली. उद्देश बदलला, पण तासिका तत्त्वावरील ज्या सहकाऱ्यांसाठी हे केले, त्यांचे ते सत्र संपून गेले होते. मालकांनी चूक मान्य केली, नव्या तारखेच्या नोटिसा पैसे न घेता छापून दिल्या आणि आता त्यांच्या दिनदर्शिकेवर जानेवारीच्या त्या आठवड्यावर लाल शाईने रेघ ओढलेली आहे. एक गोष्ट मात्र त्यांनीही सांगितली नाही आणि आम्हीही विसरलो होतो. संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असेल तर असा बदल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्टने कळवावा लागतो. आम्ही ते अगदी शेवटच्या आठवड्यात केले.

टंकलेखनाचा दर्जा उत्कृष्ट आहे. मुख्य काम करणारे गृहस्थ घरी तेलुगू बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी किंवा कन्नड बोलतात आणि मराठी टंकलेखनाची शब्दगती 40 ची शासकीय परीक्षा त्यांनी जुन्या यंत्रावर दिलेली आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या माझ्या दोन चुका त्यांनी न विचारता दुरुस्त केल्या. ‘परंतुक’ (नियमाला जोडलेला अपवाद) आणि ‘परंतु’ यांतला फरक त्यांना समजावावा लागत नाही. एकच काळजी घ्यावी. जुन्या नियमावल्या श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) असतात आणि त्या युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे कधी कधी निसटतात. आमच्या तक्त्यात ‘वर्ग’ चा ‘वग’ झाला होता. तपासणीची एक प्रत ते देतातच. ती घरी नेऊन कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावी आणि आपण मूळ प्रतीवर बोट ठेवावे.

साध्या मजकुराला पानाला 35 रुपये आणि तक्त्याला 70 रुपये पडले. नोटिसांची छपाई वेगळी. बसायला एकच बाकडे आहे, पंखा टंकलेखकाकडे वळवलेला असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जाऊच नये. दुकान सकाळी दहाला उघडते, सोमवारी बंद असते. जाताना मूळ नियमाची प्रत आणि तो नियम ज्या सभेत संमत झाला तिच्या इतिवृत्ताचे पान, दोन्ही सोबत न्यावे. त्यांतले एक जरी नसेल तरी ते काम घेत नाहीत.